लेकीसाठी बंदूक घेताना

मैत्रिणींनो, साधी सुती साडी घ्यायची तरी आपण चार दुकाने हिंडतो. पोत चिमटीत धरून बघतो, काठ उलटून बघतो, रंग जाणार नाही ना असे दहादा विचारतो. आणि मी मात्र बंदूक घेतली ती अवघ्या वीस मिनिटांत! त्या वीस मिनिटांची किंमत आम्हाला पुढे आठ महिने मोजावी लागली. तुमच्यापैकी कुणाच्या घरी उद्या हा प्रसंग आला (आणि आजकाल तो येतो, बरं का!) तर तुम्हाला निदान माझ्यासारखे फसायला होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारनंतर घर. लेक बारा वर्षांची. शाळेतल्या एका शिबिरात तिने एअर रायफल हातात धरली आणि घरी आली ती वेगळीच होऊन. रात्री जेवताना म्हणाली, "आई, मला नेमबाजी शिकायचीय." सासूबाईंच्या हातातला घास हातात राहिला. "अगं बाई, मुलीच्या जातीला बंदूक कशाला?" मग ह्यांनी त्यांना सांगितले, की आपल्या मुंबईच्या अंजली वेदपाठक, म्हणजे लग्नानंतरच्या अंजली भागवत, २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या, २००४ साली अथेन्सला सुमा शिरूर अंतिम फेरीत गेल्या, कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली आणि कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्णपदक आणले. सासूबाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कोल्हापूरच्या आहेत होय! मग ठीक आहे." सासूबाईंचे माहेर कोल्हापूरचे.

झाले, घरातला विरोध मावळला आणि मी उत्साहाच्या भरात चूक करून बसले. भिशीचा माझा नंबर नुकताच लागला होता. ते पैसे पर्समध्ये घातले आणि लेकीला घेऊन गावातल्या एका दुकानात गेले. "ताई, ही न्या. सगळ्यांत जास्त ताकदीची, वर दुर्बीण फुकट," असे म्हणून दुकानदाराने एक भलीथोरली बंदूक समोर ठेवली. लाकूड चकाकत होते, दुर्बीण ऐटदार होती. लेकीचे डोळे लकाकले आणि मी पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी ती रेंजवर नेली. आमच्या भागातच एका हॉलमध्ये दहा मीटरची छोटी रेंज आहे. तिथल्या प्रशिक्षक बाईंनी बंदूक हातात घेतली, एकदा वर-खाली पाहिली आणि शांतपणे विचारले, "कोणत्या स्पर्धेसाठी घेतलीत?"

मला उत्तर देता येईना. मैत्रिणींनो, बंदूक घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच, आणि तो दुकानदाराला नव्हे, प्रशिक्षकाला विचारायचा. कारण एअर रायफल म्हणजे एकच वस्तू नव्हे. आपल्याकडे शालेय आणि जिल्हा पातळीवर 'ओपन साइट' आणि 'पीप साइट' असे वेगवेगळे गट असतात. ओपन साइट म्हणजे नळीच्या टोकाला माशी आणि मागे खाच, उघड्या डोळ्याने जुळवायची. पीप साइट म्हणजे मागे बारीक भोकाची चकती, तिच्यातून पाहायचे. ऑलिंपिकमध्ये असते ती हीच, दहा मीटरवरची. आणि दुर्बीण? दहा मीटरच्या स्पर्धेत रायफलवर दुर्बीण मुळी चालतच नाही. आम्हाला फुकट मिळालेली दुर्बीण फुकटच गेली.

दुर्बिणीच्या रायफलचा एक निराळा खेळ आहे, त्याला फील्ड टार्गेट म्हणतात. १९८० च्या सुमारास तो ब्रिटनमध्ये सुरू झाला. मोकळ्या रानात पशुपक्ष्यांच्या आकाराचे पत्र्याचे लक्ष्य ठेवतात. त्याला १५ ते ४० मिलिमीटरचे एक भोक असते, छर्रा त्यातून आरपार जाऊन मागच्या पट्टीवर बसला तर लक्ष्य पडते, नाहीतर उभेच राहते. अंतर साधारण सात मीटरपासून पन्नास मीटरपर्यंत कितीही असते आणि ते सांगत नाहीत. दुर्बीण स्पष्ट होईपर्यंत फिरवायची आणि तिच्यावरूनच अंतर ओळखायचे. मोठा गमतीचा खेळ दिसतो. पण त्याची रायफल वेगळी, शिस्त वेगळी. कुणी हौशी नातेवाईक 'दुर्बिणीचीच घ्या' म्हणाले, तर मुलीला नक्की कुठे उतरायचे आहे ते आधी विचारा.

माझ्या बंदुकीत दुसराही दोष होता, आणि तो मला कळला वेणी घालताना. ती बंदूक होती स्प्रिंगची. प्रत्येक बाराला नळी मधोमध मोडून खाली दाबायची, तेव्हा आतली दांडगी स्प्रिंग दाबली जाते. मोठ्या माणसालाही जोर लावावा लागतो. चाप ओढला, की स्प्रिंग सुटते आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच बंदूक गचका खाते. बाई म्हणाल्या, "काही दिवस सराव करू दे, मग बघू." लेक रोज जाई, रोज "छान झालं" म्हणे. तीन आठवड्यांनी एका सकाळी वेणी घालताना मी तिची मान जरा वळवली, तर ती कळवळली. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तळहातावर घट्टा पडलेला.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

"तू भिशीचे पैसे घातलेस ना आई. मग कसं सांगू?"

मला पुढे वेणी घालवेना. बंदुकीचे वजन आपण किलोत मोजतो, पण आईबापांनी ओतलेल्या पैशांचे वजनही त्या बारा वर्षांच्या खांद्यावर बसते, हे माझ्या गावीच नव्हते. त्या दिवशी ती बंदूक माळ्यावर गेली. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली. मग पुढे सहा-सात महिने लेक रेंजवरचीच रायफल वापरत होती, तासाला ठरावीक भाडे देऊन. आता मी प्रत्येकीला हेच सांगते: पहिले सहा महिने, जमल्यास वर्षभर, विकत काही घेऊ नका. भाड्याच्या रायफलीवर हौस टिकते की नाही ते कळते आणि मुलीच्या शरीराला काय हवे तेही कळते.

या काळात मी रोज रेंजवरच्या बाकावर बसून वह्या तपासत असे आणि कान उघडे ठेवून ऐकत असे. तिथे जे शिकले ते आता सांगते.

दहा मीटरच्या लक्ष्याचा काळा गोल असतो ३०.५ मिलिमीटरचा, आणि त्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीचा दाणा याहून मोठा! उभे राहून, दहा मीटरवरून, ४.५ मिलिमीटरचा छर्रा तिथे बसवायचा. अशा वेळी रायफलची ताकद काय कामाची? स्पर्धेच्या रायफलींची ताकद माझ्या त्या माळ्यावरच्या बंदुकीच्या निम्मीही नसते. त्यांना हवी असते ती स्थिरता. स्पर्धेच्या रायफलीत आता स्प्रिंग नसतेच. नळीखाली एक लांबट सिलिंडर असतो, त्यात साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते. मोटारीच्या चाकात असते त्याच्या जवळजवळ नव्वद पट! चाप ओढला की मोजून चिमूटभर हवा सुटते. ना गचका, ना जोर. बारा वर्षांची पोरही सहज हाताळते.

आता वजन. नियमाने एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. दुकानात एकदा उचलून 'जमेल' म्हणणे सोपे असते. पण २०१८ पासून महिलांनाही पुरुषांइतकेच ६० बार मारायचे असतात (त्याआधी ४० असत). ७५ मिनिटांत साठ वेळा रायफल उचलायची, आणि न पटलेले नेम सोडून दिले तर शंभर वेळासुद्धा. घरी पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून दहा वेळा उचलून बघा म्हणजे कळेल. वाढत्या वयाच्या मुलींसाठी हलका, आखूड दस्ता मिळतो, तोच बघावा. एक गंमत सांगू का? उभ्याने नेम धरताना डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचे असते. म्हणजे आपण कडेवर मूल घेतो तो पवित्रा! या खेळात बायका मागे नाहीत याचे नवल कशाला वाटावे? १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, स्त्री-पुरुष एकत्र स्पर्धा होती तेव्हा, अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉकने रायफलमध्ये रौप्यपदक घेतले होते. पहिल्या आलेल्या लॅनी बॅशमच्या गुणांइतकेच तिचे गुण होते, आणि त्याने तिला हाताला धरून आपल्या पायरीवर वर घेतले.

दस्त्याचे माप ब्लाउजच्या मापासारखेच अंगावर घ्यायचे असते. दस्त्याची मागची पट्टी खांद्याच्या खळगीत टेकवली, की बोटाचे पहिले पेर अलगद चापावर पडले पाहिजे. बोट ताणावे लागले तर दस्ता लांब. गाल दस्त्यावर ठेवल्यावर डोळा आपोआप भोकाच्या सरळ रेषेत यावा. मान वाकवावी लागली तर गालपट्टी खाली आहे. चांगल्या रायफलीत ही पट्टी, ती गालपट्टी, दोन्ही पुढे-मागे, वर-खाली सरकवता येतात. मुलगी वर्षात चार बोटे उंच होणार, तेव्हा सरकणारी रायफल घेतली तरच ती पुरते. लेकीची मापे मी वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवते.

आणि डोळा! आपण उजव्या हाताच्या असलो तरी आपला मुख्य डोळा उजवाच असेल असे नाही. घरी बघायची रीत सोपी आहे. दोन्ही हात पुढे ताठ धरून अंगठे आणि बोटे जुळवून मधे छोटे भोक करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एक तारीख पाहा. आता एक-एक डोळा मिटा. ज्या डोळ्याने तारीख तशीच दिसत राहते तो मुख्य डोळा. मी माझ्या वर्गात हा प्रयोग केला, तर उजव्या हाताने लिहिणाऱ्या बऱ्याच मुलांचा डावा डोळा निघाला! अशा मुलांना पुष्कळदा डाव्या खांद्यावरच शिकवतात, आणि डाव्यांसाठी दस्ता वेगळा असतो. म्हणून हे खरेदीच्या आधी तपासायचे, नंतर नव्हे.

कायद्याचेही दोन शब्द. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअर रायफलीची नळी ४.५ मिलिमीटरहून मोठी नाही आणि ताकद २० ज्यूलच्या आत आहे, तिला परवाना लागत नाही. याहून मोठी नळी किंवा जास्त ताकद असली, की परवाना हवा. तेव्हा 'जास्त ताकदीची' म्हणून कुणी गळ्यात मारू लागला तर आधी हे दोन आकडे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. बिल जपून ठेवायचे, रायफल बाहेर नेताना त्याची प्रत बरोबर हवी. ऑलिंपिकमध्ये २०२४ साली पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक घेतले ती रायफल मात्र निराळी: ५० मीटरची, खऱ्या गोळीची. तिला परवाना लागतोच. आणि एक, आमच्या सोसायटीतल्या पोरांनी लगेच विचारले होते, "काकू, गच्चीवरून कबुतरं मारू?" पाखरांवर बंदूक रोखणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, हे मी त्यांना शाळेतल्या आवाजात सांगितले.

पैशांची गोष्ट आता. ऑलिंपिकमध्ये दिसतात त्या फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, स्टायर, आन्शुट्झ या परदेशी रायफली नव्या घेतल्या तर लाखांच्या घरात जातात. ह्यांचा आग्रह होता, की घ्यायची तर एकदाच, हप्त्यांवर का होईना पण सर्वांत भारी. मी म्हटले, आधी जाकीट. ह्यांना पटेना. पण खरेच, अंगाला नीट बसणारे कॅनव्हासचे ताठ जाकीट पाठीला आणि कमरेला आधार देते. माझ्या लेकीच्या पाठीचे दुखणे रायफल बदलून निम्मे गेले आणि जाकिटाने उरलेले. त्याची जाडी आणि ताठपणा स्पर्धेत मोजतात, म्हणून साध्या शिंप्याकडून शिवून घेऊ नये. मी तो उद्योग करायला निघाले होते, बाईंनी वेळीच थांबवले. छर्ऱ्यांचाही खर्च धरायला हवा. पाचशेचा डबा असतो; रोज साठ-सत्तर बार मारले, की आठवड्याला एक डबा संपतो. रायफलीवर सगळे पैसे ओतून मग छर्रे मोजून देणारी घरे मी पाहिली आहेत.

शेवटी आम्ही जुनी घेतली. कॉलेज संपवून नोकरीला लागलेल्या एका मुलीची होती, तिने प्रेमाने वापरलेली. निम्म्याहून कमी किमतीत मिळाली. माझी थोडी शिल्लक, ह्यांचा बोनस, आणि सासूबाईंनी न मागता पुढे केलेले एक पाकीट. "कोल्हापूरकरांचा वाटा," म्हणाल्या.

जुनी घेताना सगळ्यांत आधी सिलिंडर बघा. आपला स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर आला, की पट्टीवर ए, बी, सी, डी आणि साल असते, ते आपण बघतो ना? तसेच हे. रायफलीच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि त्याचे आयुष्य उत्पादकाने ठरवलेले असते, जास्तीत जास्त दहा वर्षे. मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बारच्या वस्तूशी चालढकल घरातही नको. आम्हाला आधी दाखवलेल्या एका रायफलीची मुदत तीन महिन्यांवर आली होती. नव्या सिलिंडरचा खर्च धरला तर ती स्वस्त रायफल महाग पडत होती. सिलिंडरमध्ये कोरडी स्वच्छ हवाच भरायची. ऑक्सिजन कधीही नाही, त्याने स्फोट होऊ शकतो. मग रायफल शिकंज्यात पक्की बसवून दहा बार मारून बघायचे. माणूस हलतो, शिकंजा हलत नाही. सगळे छर्रे एकाच भोकात गेले तर नळी चांगली. वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे लावून बघावे, कारण एका नळीला जो छर्रा मानवतो तो दुसरीला मानवेलच असे नाही. आणि दुरुस्ती कुठे होते ते विचारावे. २०२१ मध्ये टोकियोला मनू भाकरचे पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडले आणि तिची मोलाची मिनिटे गेली, हे आठवते ना? तिथे एवढ्या मोठ्या खेळाडूवर ही वेळ येते, तर आपल्याकडे साधी रबरी चकती झिजली तरी मूल पंधरा दिवस घरी बसते.

घरात आणल्यावर माझे काही कडक नियम आहेत. रायफल कपाटात, कुलपात. छर्रे दुसऱ्या खोलीत. नळीतून रंगीत दोरी आरपार घातलेली असते, म्हणजे आत काही नाही हे लांबून दिसते. रिकामी असली तरी माणसाकडे तोंड नाही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. सासूबाई दारातच तांब्या घेऊन उभ्या असतात. रेंजवर खाऊचा डबा उघडायचा नाही, हेही त्यांनीच ठरवले.

घरचा सराव छर्ऱ्याविना चालतो. दहा मीटर लांब हॉल कुणाकडे आहे? आमचा जेमतेम पाच मीटर. पण अंतर निम्मे केले, की गोलही निम्मा करायचा, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर. मी कागद-कंपास घेऊन बसले होते, तेवढ्यात सासूबाईंनी आपल्या टिकल्यांच्या पाकिटातली एक मोठी काळी टिकली काढली आणि भिंतीवर लावली. पट्टीने मोजली, तर बरोबर पंधरा मिलिमीटर! तीच अजून तिथे आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास लेक त्या टिकलीवर नेम धरून श्वास आणि चाप जुळवत असते, तेव्हा कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, असा घरचा दंडक आहे.

रविवारी आम्ही बालेवाडीला जातो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धांमधली नेमबाजीही झाली होती. तिथली मोठी रेंज बघितली, की मूल दडपून जात नाही, म्हणून बाई अधूनमधून पाठवतात. स्वारगेटला बस बदलावी लागते. परवा कंडक्टर त्या लांब पेटीकडे बघून म्हणाले, "काय बाळ, गिटार वाजवतेस का?" लेक म्हणाली, "नाही काका, नेम धरते."

गेल्या महिन्यात खांदा पुन्हा जरा भरून आला, तेव्हा तिने त्याच संध्याकाळी सांगितले. आम्ही गालपट्टी दोन खाचा वर घेतली, वहीत नवी तारीख लिहिली. माळ्यावरची ती चकाकती बंदूक विकावी, असे ह्यांचे म्हणणे आहे. एका बाईंचा निरोपही आला होता, त्यांच्या नवव्या वर्षातल्या मुलासाठी. मी त्यांना विकली नाही. आमच्या रेंजच्या भाड्याचा दर आणि बाईंच्या वेळा मात्र कळवल्या.